प्रायमरी की? होय की!

भाची पहिल्याच दिवशी म्हणाली, "मामा, आधी प्रायमरी की."

मी म्हटलं, "होय की."

बेळगावात वाक्याच्या शेवटी 'की' लावल्याशिवाय घास उतरत नाही. मला वाटलं, पुण्यात नोकरी करूनही पोरीची भाषा शाबूत आहे. पाच मिनिटांनी उलगडलं की ही 'की' म्हणजे किल्ली, आणि ती प्रत्येक ओळीला वेगळी लागते.

गल्लीतल्या वाचनालयाची सभासद-यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. सभेत सगळे खाली बघत होते, मी चुकून वर बघितलं. सभासद 312, जाडजूड वही एक, आणि माहिती साठवायचं सॉफ्टवेअर, मायएसक्यूएल, फुकट.

किल्लीचं मात्र पटलं. आमच्याकडे एकाच नावाचे चार पाटील. वहीत ते 'येळ्ळूरचे', 'म्हशीवाले', 'टिळकवाडी' आणि 'दुसरे टिळकवाडी' असे नांदत होते. त्यांना नंबर दिले. म्हशीवाले भडकले, "47? मी काय हिंडलग्याच्या जेलात हाय काय?"

खरा घोळ गावाच्या रकान्यात. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारदरबारी आमचं 'बेळगावी' झालं. त्यामुळे कुणी 'बेळगाव', कुणी 'बेळगावी', एका रिटायर्ड मास्तरांनी साहेबी थाटात 'बेलगाम', तर एकाने सरळ कन्नड लिपीत. आपल्याला गाव एकच, सॉफ्टवेअरला चार. बेळगावचे सभासद किती, विचारलं तर म्हणे 38. एवढे तर आमच्या कट्ट्यावर बसतात.

"गावांचं वेगळं टेबल कर," भाची म्हणाली. "नाव तिथं एकदाच, इथं नुसता त्याचा नंबर. ती फॉरेन की."

माहिती अशी टेबलांत मांडायची कल्पना 1970 साली आयबीएमच्या एडगर कॉडने मांडली. माणूस थोर, पण रात्री अकरा वाजता नवं टेबल कोण मांडत बसणार? मी सरळ अपडेटची क्वेरी लिहिली : सभासदांचं गाव 'बेळगाव' करा. एंटर.

"क्वेरी ओके, 274 रोज अफेक्टेड." म्हणजे 274 ओळी बदलल्या. वेळ, 0.02 सेकंद.

माझा अंदाज सव्वाशेचा. बघतो तर खानापूरवाले बेळगावात, निपाणीवाले बेळगावात, आणि चंदगडचे सातजण, जे रीतसर महाराष्ट्रात राहतात, तेही कर्नाटकात! 1956 पासून लोंबकळणारा सीमाप्रश्न मी एका एंटरमध्ये निकालात काढला होता, तोही उलट्या बाजूने.

भाचीला उठवलं.

"मामा, व्हेअर कुठाय?"

"घरातच हाय की मी."

"तू नव्हे! क्वेरीतला व्हेअर! कुठल्या ओळी बदलायच्या, ती अट!"

अट मी घातलीच नव्हती. मग तिने 'रोलबॅक' टाइप करायला लावलं. क्वेरी ओके, आणि अफेक्टेड शून्य. मायएसक्यूएल मुळातच प्रत्येक हुकूम तिथल्या तिथे पक्का करतं. मागं फिरायचं असेल तर 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' आधी म्हणायचं असतं. बॅकअपचं तिने विचारलं, तेव्हा मी खोकलो.

दुसऱ्या दिवशी वही उघडून बसलो. या खेपेला गावांचं टेबल आधी. पहिलं पान, संस्थापकांचं वळणदार शाईतलं अक्षर, आणि गावापुढे ठसठशीत अनुस्वार देऊन लिहिलेलं : बेळगांव.




"पाचवं," मी फोनवर म्हणालो.