घर घरातल्या घरात फिरवण्याची सोपी रीत

वडिलांच्या नावावरचा फ्लॅट घरातल्याच कुणाच्या नावावर करायचा असेल, तर सीएकडे जाण्याचा मोह आधी आवरावा. तो फी घेतो आणि वर प्रश्नही विचारतो. त्यापेक्षा दुय्यम निबंधक कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल मांडून बसलेले गृहस्थ सोयीचे. त्यांच्याकडे प्रत्येक दस्ताचा नमुना तयार असतो आणि तुमच्या घराण्याचा इतिहास त्यातल्या मोकळ्या जागांत बरोबर मावतो.

बक्षीसपत्र, म्हणजे फुकट दिल्याचा दस्त, उद्या कुणी मोडील, त्यापेक्षा खरेदीखत पक्के, असे हे गृहस्थ म्हणाले की लगेच मान डोलवावी. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, ८० लाखांचा मुंबईतला फ्लॅट वडिलांनी मुलाला १० लाखांत विकला असे लिहून टाकावे. किंमत कमी दाखवली की कर वाचतो, ही आपली पिढीजात श्रद्धा आहे. मुद्रांक शुल्क मात्र ८० लाखांवरच बसते, म्हणजे ६ टक्क्यांनी ४ लाख ८० हजार, ते मुलाने भरावे. आयकर खातेही विक्री ८० लाखांचीच धरते, त्यामुळे २००३ साली ९ लाखांना घेतलेल्या या घरावर वडिलांना ७१ लाखांचा भांडवली नफा झालेला असतो, आणि १२.५ टक्के दराने, मोठ्या उत्पन्नावरचा अधिभार आणि उपकर धरून, सुमारे १० लाख कर देणे लागते. मुलाकडून आलेले १० लाख बहुतेक त्यातच संपतात. सरकारी हिशेबाने व्यवहार ५० लाखांच्या वरचा असल्याने मुलाने वडिलांना पैसे देताना टीडीएसही, म्हणजे मुळातच कापायचा कर, कापायला हवा होता, पण बापाचा टीडीएस कापणे हे आपल्या संस्कारांत बसत नाही.

बक्षीसपत्राने हे सारे टळले असते. राहत्या घराच्या किंवा शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला ठरावीक नात्यांत २०० रुपये मुद्रांक शुल्क पुरते, अशी सवलत राज्याने २०१५ साली दिली. मुंबईत वर १ टक्का अधिभार लागतो, इतकेच. बक्षीस म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे देणाऱ्याला भांडवली नफ्याचा प्रश्नच येत नाही. पण इतक्या स्वस्तात झालेल्या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

ज्यांना बक्षीसपत्रच करायचे आहे, त्यांनी नाती मात्र सरकारकडून तपासून घ्यावीत, कारण आपली आपल्याला नीट ठाऊक नसतात. २०० रुपयांच्या यादीत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि मृत मुलाची पत्नी एवढेच बसतात. वडिलांनी मुलाला दिले तर २०० रुपये. मुलाने आईला दिले तर बाजारमूल्याच्या ३ टक्के. सून या यादीत येते ती विधवा झाल्यावर. सवलतीसाठी इतकी घाई करू नये, एवढेच सुचवतो.

आयकर खात्याचे कुटुंब आणखी निराळे आहे. तेथे मामाने भाच्याला फ्लॅट दिला तर भाच्याला आयकर नाही, कारण भाच्याच्या बाजूने मामा नातेवाईक लागतो. त्याच भाच्याने तोच फ्लॅट मामाला परत दिला, तर मामाच्या बाजूने भाचा परका ठरतो आणि घराचे अख्खे मूल्य मामाच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात जमा होते. काका-पुतण्याचेही असेच. मावसभाऊ आणि आतेबहीण तर कुठल्याच बाजूने नातेवाईक नाहीत. त्यांनी लग्नात अहेर करावा, फ्लॅट देऊ नये.

भाड्यावरचा आयकर वाचवायला घर पत्नीच्या नावावर करणे ही युक्ती आपल्यालाच प्रथम सुचली असे प्रत्येकाला वाटते. फुकट दिलेल्या त्या घराचे भाडे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते, पुढे ते विकल्यावर होणारा भांडवली नफाही. सुनेला दिले तर सासऱ्याच्या उत्पन्नात. जावयाला दिले तर मात्र असे काही होत नाही. जावयाचे लाड निदान आयकर कायद्याने तरी अबाधित ठेवले आहेत.

मृत्युपत्र करू नये. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, वारसाला घर मिळाल्याबद्दल आयकर नाही, आणि मागे राहिलेल्या संपत्तीवरची इस्टेट ड्युटीही १९८५ सालीच रद्द झाली. इतके निरुपद्रवी असूनही त्याचा विषय काढताच आजी देवघराकडे पाहू लागते, यावरून ते अशुभ असल्याचे सिद्ध होते.

शेवटी, घर मुलीच्या नावावर झाले की वडिलांचे जुने खरेदीखत, नोंदणीची पावती आणि बिल्डरला दिलेल्या चेकच्या पावत्या असलेली ती पिवळी पडलेली प्लॅस्टिकची पिशवी दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकावी. बक्षीस मिळालेले घर पुढे विकताना खरेदीची किंमत वडिलांचीच धरतात आणि घर किती वर्षे जवळ होते तेही वडिलांच्या खरेदीपासून मोजतात, हे खरे. किंमत सिद्ध करता आली नाही, तर अख्खी विक्रीच नफा समजली जाण्याची पाळी येते, हेही खरे. पण फ्लॅट ९ लाखांनाच घेतला होता हे आत्याला स्वच्छ आठवते, आणि तिची आठवण ग्राह्य धरावी असा नियम अजून झाला नसला, तरी पुढच्या अर्थसंकल्पात होणारच नाही असे कुणी सांगितले आहे?