नवरी फुगली म्हणून धरा एडिटरले!

सकाळी सात वाजता नवरीच्या बापाचा फोन. रामराम नाही, काही नाही. "भाऊ, आमची पोरगी व्हिडिओत फुगून काऊन रायली?"

अरे बाप्पा! मी फुगवली का तिले?

दिवसा लाइनचा भरवसा नाही, म्हणून रात्र रात्र जागून ते लग्न कापलं. हळदीला यांनी पिवळ्या कापडाचा मांडव टाकलेला, वर मे महिन्यातलं आमचं विदर्भाचं ऊन. कापडातून झिरपलेला उजेड पिवळा, अंगावर हळद पिवळी, बायांची लुगडी पिवळी. त्यात माणसाच्या कातडीचा रंग शोधून दाखवा बरं! पिवळा उतरवला की हळदच मरते, राहू दिला की अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ. एकेक शॉट घेऊन, नुसता चेहरा वेगळा धरून रंग बसवला. त्यातच मामाच्या पोट्ट्यानं मोबाईलवर काढलेल्या क्लिपा, "ह्या पण टाकजा" म्हणून. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कोणतं हे ठरवणारं सेटिंग, ऑटोवर. मांडवातून बाहेर येईस्तोवर नवरदेव पिवळ्याचा निळा होतो.

आणि सगळ्या क्लिपा उभ्या. १९२० बाय १०८० च्या आडव्या चौकटीत उभी क्लिप पुरी बसवली तर रुंदीचा तिसरा हिस्साही भरत नाही. बाजूला काळं सोडलं की "टीव्ही अर्धा बंद हाय", ताणून भरलं की आजीचं डोकं चौकटीबाहेर.

रिसेप्शनला तर एलईडी वॉल आणली, १२ बाय ८ फुटांची. माझी फिल्म १६:९, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९. ऑपरेटरनं दाबून अख्ख्या वॉलवर बसवली. नवरदेव दिसतोय पऱ्हाटीवानी! तेव्हा नाही कोणी बोललं. जावई उंच दिसत होता ना.

मग "फोनवरच पाठवून द्या" हे आलंच. ॲपनं फाइल उसासारखी पिळली. आठ बिटात एका रंगाच्या २५६ छटा, त्याही अशा चेंगरल्या की संध्याकाळच्या आभाळाला पट्टे आणि शालूचा लाल म्हणजे ठेचलेला टमाटा. तीच फाइल वीस नातेवाइकांत फिरली. मग म्हणे, "तुमचा कलर बरोबर नाई." माझा कलर पेनड्राइव्हमध्ये आहे हो! तो पेनड्राइव्ह कपाटात, साड्यांच्या घडीखाली.

फुगलेल्या पोरीपायी शेवटी गाडी काढली, चौदा किलोमीटर गेलो. पाहतो तर यांचा जुना डीव्हीडी प्लेयर, तीन रंगांच्या वायरीनं नव्या टीव्हीला जोडलेला. प्लेयरचं सेटिंग ४:३ वर. तो वर-खाली काळ्या पट्ट्या टाकून चित्र चेपतो, टीव्ही ते ओढून १६:९ करतो. माणूस थेट एक तृतीयांशानं जास्त रुंद! नवरीच नाही, भटजी, घोडं, आचारी, सगळेच फुगलेले. पण दिसली कोण? नवरी.

सेटिंग १६:९ केलं, पोरगी जागेवर आली. बाप खूश. "हाव ना, आता बराबर दिसते."

म्हटलं, काका, ते राहिलेले ४,००० रुपये?

"देऊ ना बावा. सोयाबीन निघू दे."

मे महिना सुरू आहे.