‘चिन्ह एकदा बनवा आणि विसरून जा’: या सल्ल्याची तपासणी

नकाशे काढणाऱ्यांमध्ये, विशेषतः क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांमध्ये, एक सल्ला वरचेवर फिरतो. त्याचा सारांश असा: चिन्ह एकदा नीट बनवून लायब्ररीत, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चिन्हांच्या संग्रहात, जतन करा. पुढे तिथे बदल केला की सगळे नकाशे आपोआप बदलतील. नाव काहीही दिले तरी चालते. दुसऱ्याला द्यायचे तर एक्सएमएल फाइल पाठवली की झाले. आणि चिन्ह एसव्हीजी (रेषांच्या व्याख्येतून बनलेले, कितीही मोठे करता येणारे चित्र) असेल तर आकाराची चिंताच नको.

चिन्हे पुन्हा वापरण्याजोगी करून ठेवावीत, याबद्दल वाद नाही. पुढचे दावे मात्र एकेक करून बघायला हवेत.

‘लायब्ररीत बदल केला की नकाशे आपोआप बदलतात’

नाही बदलत. पडताळायला दोन मिनिटे लागतात. ३ मिमीचे लाल वर्तुळ बनवून ‘सेव्ह सिम्बॉल’ करा आणि दोन वेगळ्या लेयरना (नकाशातल्या माहितीच्या थरांना) लावा. आता सेटिंग्ज मेनूतून स्टाईल मॅनेजर, म्हणजे लायब्ररीची खिडकी, उघडून तेच वर्तुळ निळे करा. दोन्ही लेयर लालच राहतात. लायब्ररीतले चिन्ह पूर्ण पुसून टाकले तरी त्यांना काही होत नाही. कारण चिन्ह लावताना लेयरला त्याची प्रत मिळते, आणि त्यानंतर मूळ आणि प्रत यांचा संबंध उरत नाही.

हा गैरसमज येतो कुठून, तेही कळण्यासारखे आहे. इंकस्केप किंवा इलस्ट्रेटर या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चिन्हाची मूळ व्याख्या बदलली की चित्रातली त्याची सगळी रूपे बदलतात. ओपनओरिएंटियरिंग मॅपर या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्येही चिन्हसंच नकाशाच्या फाइलीतच असतो आणि १०१ क्रमांकाची समोच्च रेषा बदलली की त्या नकाशातल्या सगळ्या समोच्च रेषा बदलतात. तिथली सवय इथे लागू पडत नाही, एवढेच. आमच्या मते क्यूजीआयएसची पद्धत बरीच शहाणपणाची आहे. तीन वर्षांपूर्वी छापलेला नकाशा आज उघडला आणि मधल्या काळात कुणी लायब्ररीत हात घातल्यामुळे तो वेगळाच दिसला, तर काय उपयोग?

तरीही एका जागी बदलून सगळीकडे परिणाम हवा असेल, तर मार्ग आहेत. फक्त रंगाचा प्रश्न असेल तर प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमधल्या स्टाईल्स विभागात प्रोजेक्टचे रंग नावानिशी नोंदवा आणि चिन्हाचा रंग निवडताना त्या नावाशी जोडा. मग यादीतला एक रंग बदलला की त्या प्रोजेक्टमधली जोडलेली सगळी चिन्हे बदलतात. आख्खी लेयर तिच्या रूपासह अनेक प्रोजेक्टांत हवी असेल तर लेयर मेनूतून ती एम्बेड करा. एम्बेड केलेल्या लेयरचे रूप मूळ प्रोजेक्ट ठरवतो, त्यामुळे दुसरीकडून ते बदलताही येत नाही. तिसरा मार्ग सगळ्यांत कामाचा आहे, पण तो नावांवर उभा आहे.

‘नाव काहीही द्या’

लेयरला कॅटेगराइज्ड पद्धतीने (रकान्यातल्या प्रत्येक किमतीचा एक वर्ग, त्याला वेगळे चिन्ह) चिन्हे दिली की खालच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ बटणात ‘मॅच टू सेव्ह्ड सिम्बॉल्स’ हा पर्याय मिळतो. वर्गाची किंमत आणि लायब्ररीतल्या चिन्हाचे नाव जुळले की ते चिन्ह त्या वर्गाला लागते. म्हणजे लेयरच्या रकान्यात २०१, २०२, २०३ असे संकेतांक असतील आणि चिन्हांची नावेही तीच असतील, तर चाळीस वर्गांची चिन्हे एका क्लिकमध्ये लागतात. लायब्ररीत सुधारणा केल्यावर प्रत्येक नकाशात तेच बटण पुन्हा दाबायचे. ‘आपोआप’ म्हणता येणार नाही, पण त्याच्या बरेच जवळ आहे. चिन्हाला ‘विहीर नवीन २ फायनल’ असे नाव दिले असेल, तर मात्र ही सोय गेली. नाव संकेतांकापुरते ठेवा. ‘पाणी’, ‘जुना संच’ यांसारखी वर्गवारी टॅगमध्ये जाऊ द्या.

‘एक फाइल पाठवली की झाले’

स्टाईल मॅनेजरमधून एक्सएमएल फाइल काढता येते, हे खरे. पण चिन्हात एसव्हीजी चित्र असेल तर एरवी त्या फाइलीत चित्र जात नाही, चित्राचा पत्ता जातो. समोरच्याच्या संगणकावर त्या पत्त्यावर काही नसले की विहिरींच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. यावर दोन उपाय. एक, एसव्हीजींचा फोल्डर सोबत पाठवा आणि समोरच्याला ऑप्शन्सच्या सिस्टिम विभागातल्या एसव्हीजी पाथ्समध्ये तो नोंदवायला सांगा. दोन, चिन्हाच्या खिडकीत चित्राच्या पत्त्याशेजारच्या बटणातून ‘एम्बेड फाइल’ निवडा. मग चित्र चिन्हाच्या आतच बेस६४ रूपात (साध्या अक्षरांत लिहून) साठते. आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, पण खरी किंमत वेगळी आहे: पुढे चित्र सुधारले तर ते प्रत्येक चिन्हात पुन्हा भरावे लागते. संच अजून घडत असेल तर फोल्डर, पक्का झाला असेल तर एम्बेड, असा नियम ठेवायला हरकत नाही.

दुसरी अडचण लवकर लक्षात येत नाही. रस्त्याचे चिन्ह बहुधा दोन रेषांचे असते: खाली १.२ मिमीची काळी, वर ०.८ मिमीची पांढरी. दोन रस्ते जिथे मिळतात तिथे काळी कड आडवी जाऊ नये म्हणून ‘सिम्बॉल लेव्हल्स’ चालू करावे लागते. हे चालू-बंद लेयरच्या मांडणीत साठते, लायब्ररीतल्या चिन्हात नाही. त्यामुळे तेच चिन्ह दुसऱ्या नकाशात लावले की प्रत्येक चौकात रस्ता कापलेला दिसतो आणि दोष चिन्हाला दिला जातो. सिम्बॉल लेव्हल्स, लेबले, कोणत्या स्केलला लेयर दिसावी हे सगळे सोबत द्यायचे असेल तर लेयरची क्यूएमएल फाइल (लेयरची सगळी मांडणी साठवणारी फाइल) द्या.

‘एसव्हीजी आहे, मग आकाराची चिंता कशाला?’

कडा फाटत नाहीत, इतकाच याचा अर्थ. २४ एककांच्या चौकोनात १ एकक जाडीची रेघ असलेले चिन्ह ३ मिमीला छापले तर ती रेघ ०.१२५ मिमीची होते. २ मिमीला ती ०.०८३ मिमी उरते, आणि इतकी बारीक रेघ साध्या प्रिंटरवर तुटते. म्हणून लहान आकारासाठी कमी तपशिलाचे वेगळे चिन्ह काढावे, किंवा रेघेची जाडी बाहेरून ठरवता येईल अशी सोय करावी. त्यासाठी एसव्हीजी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून फिल, स्ट्रोक आणि स्ट्रोक-विड्थ या गुणधर्मांत ठरावीक किमतीऐवजी पॅराम हा शब्द आणि पुढे कंसात अनुक्रमे फिल, आउटलाइन, आउटलाइन-विड्थ लिहायचे (सगळे अर्थातच रोमन अक्षरांत). मग क्यूजीआयएसमध्ये रंग आणि जाडीच्या चौकटी वापरता येतात. इथे नेहमी फसते ते असे: इंकस्केप रंग बहुधा स्टाईल या गुणधर्मात लिहितो आणि त्याचा अधिकार वरचढ असतो. तिथला रंग न काढता शेजारी पॅराम जोडला तर खिडकीत कितीही रंग बदला, चिन्ह ढिम्म राहते.

अक्षरे असतील तर आधी त्यांचे पाथ (रेषांचे आकार) करून घ्या, नाहीतर फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती बदलतील. सावल्या आणि धूसर कडा मुळातच टाळा. पानात चित्राभोवती रिकामी जागा ठेवू नका, कारण आकार पूर्ण पानाचा मोजला जातो: पानाची निम्मी रुंदी रिकामी असलेले ४ मिमीचे चिन्ह २ मिमीचेच दिसते.

एककाचाही विचार करावा लागतो. मिमीमध्ये दिलेला आकार कोणत्याही स्केलला कागदावर तेवढाच राहतो. ‘मीटर्स अ‍ॅट स्केल’मध्ये १०० मीटर दिले तर १:२५,००० ला ४ मिमी, १:५०,००० ला २ मिमी, १:१,००,००० ला १ मिमी. ‘मॅप युनिट्स’ निवडले आणि प्रोजेक्ट अक्षांश-रेखांशांत असला, तर ४ चा अर्थ ४ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ४४४ किलोमीटर. सगळा नकाशा एका ठिपक्याखाली गेल्यासारखा दिसला तर आधी हेच तपासा.

शेवटी टोकदार पिन. चिन्ह बिंदूवर मध्यातून टेकते, हे गृहीत धरलेले असते. ८ मिमी उंचीच्या पिनचे टोक त्यामुळे खऱ्या जागेच्या ४ मिमी खाली येते, आणि १:५०,००० च्या नकाशावर ४ मिमी म्हणजे २०० मीटर. अँकर पॉइंटमध्ये उभ्या दिशेला ‘बॉटम’ निवडले की टोक जागेवर येते. हे लायब्ररीत टाकण्याआधीच करा. नंतर केलेत तर आधी लावलेल्या प्रती २०० मीटर दूरच उभ्या राहतील.