शेंगतेल सोडून खोबरेल? आधी हिशेब बघा

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "शेंगतेल, करडईतेल बंद करा, करडईनं पोट सुटतं. शेंगाची चटणीही नको. साजूक तूप आणि खोबरेल हवं तेवढं खा, चरबी जळते. मेदानं इन्सुलिन वाढत नाही, म्हणून तो साठतच नाही." ज्या जिल्ह्यात ज्वारीच्या रानात करडई पेरतात, तिथे हे वाचून गप्प बसवत नाही.

"हवं तेवढं खा." तेल कुठलंही असो, घाण्यावरचं की पिशवीतलं, एका ग्रॅमला 9 कॅलरी. मोठा चमचाभर म्हणजे सुमारे 120. तूपही जवळपास तेवढंच.

"खोबरेल चरबी जाळतं." हे अर्धवट ऐकलेलं. मेद ज्यांचा बनतो त्या मेदाम्लांपैकी आखूड, 8 आणि 10 कार्बनची, आतड्यातून थेट यकृतात जातात आणि लवकर खर्ची पडतात. प्रयोगांत याच आम्लांचं वेगळं काढलेलं तेल वापरलं होतं. तरी वजनात फरक पडला तो सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास. दुकानातल्या खोबरेलात ती दोन्ही मिळून फार तर 15 टक्के. जवळजवळ निम्मं असतं लॉरिक आम्ल, आणि ते बरंचसं इतर मेदासारखंच लसिकेच्या (रक्ताबाहेरचा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या) वाटेनं रक्तात उतरतं. बाटलीवर मात्र प्रयोगाचं श्रेय!

"करडईनं पोट सुटतं." स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी 2014 मध्ये छापलेला प्रयोग बघा. 39 सडपातळ तरुणांना 7 आठवडे जादा मफिन खायला घातले, काहींना पामतेलाचे, काहींना सूर्यफुलाचे. वजन दोन्ही गटांत सारखंच वाढलं, 1.6 किलो. पण यकृतात आणि पोटाच्या आत जास्त चरबी साठली ती पामवाल्यांच्या. पामतेलातलं पामिटिक आम्ल तुपातही भरपूर असतं. नेहमीच्या करडईतेलात सूर्यफुलासारखं लिनोलिक हे दुसरं मेदाम्लच जास्त. म्हणजे काटा किती सरकेल ते प्रमाणावर, आणि चरबी कुठे बसेल ते काही अंशी प्रकारावर.

इन्सुलिनचा मुद्दा तर उलटाच आहे: ते वाढलं नाही तरी जादा मेद साठतोच. प्रथिनं पचवण्यात त्यांच्यातली 20 ते 30 टक्के ऊर्जा जाते, मेदात फार तर 3. साठवायला सगळ्यात स्वस्त तोच.

शेंगाच्या चटणीवर मेसेजवाल्यांचा राग आहे, त्यात थोडं तथ्य आहे: दाण्यात निम्मा मेद असतो. तेव्हा कडक भाकरीबरोबर चटणी दह्यात कालवून घ्या, वरून तेलाची धार नको.