ड कमी म्हणून कॅन्सर? उलटं आहे, मामी

परवा मामांकडे गेलो, तर फ्रिजच्या दारात 60,000 युनिटवाल्या ड जीवनसत्त्वाच्या दोन पट्ट्या, दोन्ही रिकाम्या. एका पट्टीत चार कॅप्सूल. मामांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, डॉक्टरांनी त्यांना आठवड्याला एक सांगितली होती. मामीने दोन महिन्यांचा डोस मामांना आठ दिवसांत देऊन संपवला, कारण मेसेज. तो मलाही तीन ग्रुपांवर आलाय: 'स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ड कमी असतं, म्हणून शरीरात सूज वाढते आणि गाठ होते. रोज 60,000 घ्या, सूज उतरेल, गाठ विरघळेल, बाकी गोळ्या बंद करा. डॉक्टर हे सांगणार नाहीत.'

या रुग्णांत ड बरेचदा कमी असतं, हे मान्य. पण आपल्याकडे धडधाकट माणसांचं तरी कुठे भरपूर असतं? माझंच मागे तपासणीत 14, म्हणजे कमीच, आलं होतं.

आणि कमी का होतं ते बघा ना. मामांचा आजार कळला तोच काविळीने. गाठीने पित्ताची नळी दाबली की पित्त आतड्यात उतरत नाही, स्वादुपिंडाचे पाचकरसही पोचत नाहीत. मग जेवणातली चरबी पचत नाही, आणि ड तर चरबीबरोबरच शोषलं जातं. वर सूजेचा भाग वेगळाच. ग्लासगोच्या संशोधकांनी 2011 मध्ये गुडघा बदललेल्या 33 जणांचं रक्त तपासलं. ऑपरेशननंतर सूज दाखवणारं सीआरपी चढलं आणि दोनच दिवसांत ड सुमारे 40 टक्क्यांनी उतरलं. दोन दिवसांत कुणाचं ऊन कमी पडलं होतं का? सूज आली म्हणून रक्तातला ड चा आकडा पडला. मेसेजवाल्याने बैलापुढे गाडी जुंपलीय.

आता ज्यावरून माझं डोकं फिरलं ते. 'बाकी गोळ्या बंद.' मामीने मामांच्या एन्झाइमच्या कॅप्सूल बंद केल्या होत्या. म्हणाली, "अरे, किती गिळायच्या त्यांनी? एकात काम होतंय तर." त्या एन्झाइमच्या कॅप्सूल म्हणजे स्वादुपिंडाचं राहिलेलं काम बाहेरून करणारी माणसं. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, नंतर आठवण झाली म्हणून नाही. त्या थांबल्या आणि चार दिवसांत मामांना तेलकट, तरंगणारी, दोनदा फ्लश करूनही न जाणारी शी होऊ लागली. वरणावरचं तूप सरळ बाहेर. आणि त्याच तुपाबरोबर ते 60,000 वालं ड पण! म्हणजे ज्या ड साठी हा सगळा खटाटोप, ते अंगी लागायची सोयही याच मेसेजने काढून घेतली.

बरं, अंगी लागलं असतं तरी रोज 60,000 हा वेडेपणा आहे. महिनोन्महिने असं चाललं तर रक्तात कॅल्शियम चढतं. मग मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, तहान, गोंधळल्यासारखं होणं, पुढे किडनीला इजा. केमो चालू असलेल्या माणसाला उलट्या झाल्या तर घरचे म्हणणार, केमोचं आहे. कुणाला पत्ताच लागणार नाही. मामांचं कॅल्शियम तपासलं, सुदैवाने बरोबर निघालं.

गाठ विरघळण्याची वावडी कुठून उठली त्याचा अंदाज आहे. 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटने ड सारखं एक बदललेलं रसायन केमोच्या औषधासोबत दिलं, तेव्हा गाठीभोवतीचं घट्ट आवरण सैल पडलं आणि औषध आत जास्त पोचलं. उंदरांत. केमोसोबत, केमोऐवजी नाही.

डॉक्टर लपवतात म्हणे! आठवड्याची ती कॅप्सूल डॉक्टरांनीच लिहून दिली होती, चिठ्ठी अजून फ्रिजवर चिकटवलेली आहे.

एन्झाइम परत सुरू झाल्या. मामी जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मी तो मेसेज भिशीच्या ग्रुपवर टाकलाय रे. काढता येईल का?" चार दिवस होऊन गेले होते, सगळ्यांसाठी डिलीट होईना. म्हणून हे लिहून दिलं. त्याच ग्रुपवर आता तीच टाकणार आहे.