डोळ्यात गॅस असेल तर बिझनेस जेटही चालणार नाही

गल्फस्ट्रीम जी६५०ईआर या बिझनेस जेटचं कौतुक करणारा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यातले दावे असे: ५१,००० फुटांवरही केबिनमध्ये जमिनीइतकाच दाब असतो, म्हणून ऑपरेशन झालेल्या पेशंटला लगेच नेता येतं, तेवढ्या उंचीवर हवेचे झटके नसतात, सीटचा पट्टा लागत नाही, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा होते, कुठलीही छोटी धावपट्टी चालते. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेल्या आमच्या एका नातेवाइकाला कुणीतरी हे ‘आता बिनधास्त जा’ म्हणून पाठवलं. त्यामुळे आधी दाबाचंच बघू.

केबिनच्या आत आणि बाहेर दाबाचा फरक किती चालेल याला मर्यादा असते. या विमानात ती १०.६९ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पाउंड) आहे. ५१,००० फुटांवर बाहेर उरतो जेमतेम १.६. बेरीज १२.२९, आणि समुद्रसपाटीला दाब असतो १४.७. म्हणजे प्रवासी सुमारे ४,८५० फूट उंचीच्या डोंगरावर बसलेले असतात. कंपनीनेही हाच आकडा दिलेला आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तो वाचायचेही कष्ट घेतले नाहीत.

एवढ्या फरकाने बंदिस्त वायू साधारण २० टक्के फुगतो. पडद्याच्या ऑपरेशनात बऱ्याचदा डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात. तो जिरायला गॅसच्या प्रकारानुसार दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर उडालात तर बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब चढतो, पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि नजर कायमची जाऊ शकते. सिलिकॉन तेल भरलं असेल तर ते असं फुगत नाही. पण आपल्या डोळ्यात काय आहे हे सर्जनलाच विचारा. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठलेल्या पेशंटलाही हाच धोका आहे.

दाबाच्या दाव्यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य. वैमानिकाने विमान ३१,००० फुटांच्या आसपासच ठेवलं तर केबिनमध्ये समुद्रसपाटीचा दाब राखता येतो. पण ते आधी ठरवावं लागतं, आणि खालच्या दाट हवेत इंधन जास्त जळून पल्ला घटतो.

पट्ट्याचं म्हणाल तर हे विमान सगळा वेळ ५१,००० फुटांवर नसतं; पूर्ण भरलेलं असताना सुरुवातीला ४१,००० फुटांपर्यंतच चढतं. इंधन जळून हलकं झालं की टप्प्याटप्प्याने वर जातं. जानेवारी २०१७ मध्ये अरबी समुद्रावर ३४,००० फुटांवर चाललेलं चॅलेंजर ६०४ हे दुसरं एक बिझनेस जेट, हजार फूट वरून समोरून गेलेल्या ए३८० या अवाढव्य प्रवासी विमानाच्या मागच्या हवेच्या भोवऱ्यात सापडलं. ते गरागरा फिरत सुमारे ९,००० फूट खाली आलं आणि आतले प्रवासी जखमी झाले. बसलात की पट्टा लावा.

प्रदक्षिणेचा दावा तर निव्वळ थाप आहे. पल्ला ७,५०० सागरी मैल, म्हणजे सुमारे १३,९०० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ ४०,००० आहे. हा पल्लाही माख ०.८५ ला (आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट) आणि आठ प्रवासी घेऊन. माख ०.९० ला तो ६,४०० सागरी मैलांवर येतो. टाक्या पूर्ण भरल्यावर माणसं आणि सामान मिळून जेमतेम ८०० किलो वजन उरतं. जुलै २०१९ मध्ये याच विमानाने दोन्ही ध्रुवांवरून विक्रमी फेरी मारली, तेव्हाही वाटेत अस्ताना (कझाकस्तान), मॉरिशस आणि पुंता अरेनास (चिली) इथे इंधन घ्यावं लागलं.

छोट्या धावपट्टीवर हलकं विमान उतरेल, हे खरं. पण पूर्ण वजनाने उडायला समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात ६,२९९ फूट लागतात. ऊन आणि उंची वाढली की आणखी.