टक्के किती आणि जमतं किती

दिव्यांग प्रमाणपत्रांच्या पडताळणीवरून महाराष्ट्रात २०२४पासून जो वाद चालू आहे, तो मी इथे इंग्लंडमध्ये बसून नियमित वाचते. एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर प्रश्न उभे राहिले आणि मग संशय सगळ्यांवरच घेतला जाऊ लागला. कुणी म्हणतं, खोटे टक्के दाखवणाऱ्यांना हुडकून काढा. कुणी म्हणतं, त्यापायी खऱ्या दिव्यांगांनी पुन्हा रांगेत का उभं राहायचं? दोघांचंही खरं आहे. पण दोघांचं बोलणं फिरतं ते ४० टक्के या एकाच आकड्याभोवती. २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, मात्र लाभाचा उंबरठा ४० टक्क्यांवरच राहिला. शरीरात काय उणं आहे, एवढंच हा आकडा सांगतो. त्या शरीरानिशी माणूस दिवस कसा काढतो, औषधं कशी सांभाळतो, दुखणं उसळलं की काय करतो, हे त्यात कुठेच येत नाही. हे विचारलं गेलं पाहिजे, मोजलंही गेलं पाहिजे, पण या मोजणीतून निघणारा आकडा प्रमाणपत्राच्या आसपासही फिरकता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

मला रुमेटॉइड संधिवात आहे. इथल्या क्लिनिकमध्ये नर्सने एकदा सहा प्रश्नांचा कागद पुढे केला. थकवा तुमच्या कामांच्या आड येणार नाही, अशी तुम्हाला कितपत खात्री वाटते? वेदना आड येणार नाहीत अशी? मनाची घालमेल? इतर त्रास? डॉक्टरकडे जायची वेळ कमी यावी म्हणून जे करावं लागतं, ते जमेल? गोळ्या घेण्यापलीकडे आणखी काही करता येईल? प्रत्येक प्रश्नापुढे १ ते १० आकडे. थकव्यापुढे मी ४ वर गोल केला. कागद फायलीला लागेल असं मला वाटलं होतं. पण तिने खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, “४ का? २ का नाही?” मी सांगत गेले: दुपारी थोडं पडायला मिळालं की संध्याकाळ निभते, पण कामाच्या ठिकाणी ते शक्य नाही. मग तिचा पुढचा प्रश्न, “आणि ५ व्हायला काय लागेल?” त्याचं उत्तर औषधात नव्हतंच. कामाच्या वेळा बदलून मागायच्या होत्या आणि वरिष्ठांपुढे तो विषय काढायची मला भीती वाटत होती. त्या दिवशी आम्ही तेवढंच ठरवलं. कधी बोलायचं, पहिलं वाक्य कोणतं, नकार आला तर काय.

या साध्या कागदामागे बरंच काम आहे. आपल्याला अमुक गोष्ट जमेल, ही खात्रीच माणूस ती हाती घेतो की नाही आणि अडचण आली तरी सोडत नाही की सोडून देतो, हे ठरवते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्यूरा यांनी १९७७मध्ये केली. या खात्रीला ‘सेल्फ-एफिकसी’ म्हणतात. ही खात्री सरसकट नसते. इन्सुलिन टोचून घेण्यात पटाईत असलेल्या माणसाला पाहुण्यांसमोर ताटातला पदार्थ नाकारणं जमत नाही. म्हणून प्रश्नही एकेका कामाबद्दल वेगळा विचारावा लागतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी स्वव्यवस्थापनाचे, म्हणजे आपला आजार आपणच सांभाळायला शिकवणारे, वर्ग सुरू केले. ते वर्ग केलेल्यांना चार वर्षांनी पुन्हा तपासलं, त्याचे निष्कर्ष १९९३मध्ये प्रसिद्ध झाले. वेदना सरासरी २० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, डॉक्टरकडच्या खेपा ४० टक्क्यांनी. आणि शारीरिक अक्षमता मात्र ९ टक्क्यांनी वाढली होती. हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. सांधे आणखी बिघडले होते, तरी माणसांचं जगणं सुधारलं होतं. फक्त उणीव मोजणाऱ्या आपल्या पद्धतीला या माणसांची अवस्था खालावलेलीच दिसली असती.

त्या वर्गांतली एक रीत मला फार मोलाची वाटते. येत्या आठवड्यात काय करणार, किती, कधी, किती वेळा, हे प्रत्येकाने ठरवायचं आणि ते पार पडेल याची खात्री ० ते १० मध्ये सांगायची. आकडा ७च्या खाली आला तर ठरवलेलंच छोटं करायचं. चूक बेतात धरतात, माणसात नाही. आपल्याकडे पथ्य मोडलं की आधी रुग्णाचाच उद्धार होतो. ‘जिद्द लागते’, ‘मनावर घेतलं तर सगळं होतं’ ही वाक्यं ऐकत मी वाढले. ती प्रेमापोटी बोलली जातात हे मान्य, पण आजारी माणसाच्या पदरात त्यातून अपराधीपणाच पडतो.

म्हणजे इथे सगळं आलबेल आहे, असं नव्हे. इंग्लंडने लोरिग यांच्या वर्गांचा कार्यक्रम देशभर नेला. त्याची शास्त्रशुद्ध चाचणी २००७मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा रुग्णांची खात्री वाढलेली आणि थकवा थोडा कमी झालेला दिसला. आरोग्यसेवेचा वापर मात्र लक्षणीय घटला नाही. खर्च वाचेल या हिशेबाने ज्यांनी त्याकडे पाहिलं होतं, त्यांची निराशा झाली. माझ्या मते तो हिशेबच खोटा होता. खात्री वाढलेला माणूस कधी कधी डॉक्टरकडे जास्त जातो, कारण कधी जायला हवं हे त्याला कळू लागतं.

याहून टोचणारी गोष्ट दुसरी आहे. इंग्लंडमध्ये दिव्यांगांना ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ नावाचा भत्ता मिळतो. स्वयंपाक, आंघोळ, कपडे, औषधं, चालणं-फिरणं अशा कामांत किती अडतं, त्याप्रमाणे गुण. एका गटात ८ गुण झाले तर साधा दर, १२ झाले तर वाढीव. आता एकच बाई मनापुढे आणा. क्लिनिकच्या कागदावर ‘मला जमतं’ म्हणून ती ८ वर गोल करते आणि तिचं कौतुक होतं. भत्त्याच्या अर्जात तेच ‘मला जमतं’ लिहिलं तर तिचे गुण जाऊ शकतात. काम सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत जमतं का, हे बघायचं असा नियम आहे, पण ते सगळं नीट मांडायचं ओझं तिच्याच डोक्यावर. आमच्या रुग्णगटातल्या माणसांना मी दोन कागदांपुढे दोन वेगळ्या आवाजांत बोलताना ऐकलं आहे. त्यात लबाडी नाही. मदत काढून घेतली जाईल या धास्तीने माणूस आपली ताकद लपवतो, आणि ताकद लपवत राहिलं की ती आहे यावरचा स्वतःचाही विश्वास उडतो.

म्हणूनच आपल्याकडे संशयाची हवा इतकी तापलेली असताना खात्रीचं हे मापन प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या टेबलावर अजिबात जाऊ नये. ‘हे तर सगळं स्वतः करतात, मग कसले दिव्यांग?’ असं म्हणायला वेळ लागणार नाही. २०१६च्याच कायद्याच्या कलम ३८मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी वेगळ्या मूल्यांकनाची तरतूद आहे. आधार किती हवा, हे ठरवायची जागा ती आहे.

परदेशातली प्रश्नावली जशीच्या तशी उचलण्यातही अडचण आहे, आणि ती मला माझ्याच घरात दिसते. आईला मधुमेह आणि रक्तदाब. फोनवर मी विचारलं, “आई, सकाळच्या गोळीचं नाव काय गं?” तर म्हणाली, “ते तुझ्या वहिनीला विचार, डबी तीच भरते.” इथल्या कागदावर आईला कमी गुण मिळतील. पण तिच्या गोळ्या चुकत नाहीत, डोळ्यांची तपासणी वेळच्या वेळी होते. हे सांभाळणं दोघींचं मिळून आहे. फक्त आईला विचारलं तर वहिनीचे कष्ट दिसणार नाहीत, आणि वहिनी चार दिवस माहेरी गेल्यावर काय होतं तेही दिसणार नाही. हृदयविकाराच्या रुग्णांसाठी काळजी घेणाऱ्याचा वाटा वेगळा मोजणाऱ्या प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. आपल्याकडे दोघांनाही विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये.

आणि खात्री म्हणजे ज्ञान नव्हे, हे मोजणाऱ्याने विसरू नये. मी संधिवातासाठी घेते ती मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. चुकीचा डोस घेणारा माणूसही १० वर गोल करू शकतो. उलट, नीट माहिती मिळाल्यावर आकडा खाली येऊ शकतो, कारण आपल्याला काय काय ठाऊक नव्हतं हे तेव्हा कळतं. अशा घसरणीला अपयश म्हणून शिक्षकाचे किंवा नर्सचे कान धरले, तर पुढच्या वेळी सगळे कागद १०नेच भरलेले येतील.

खर्चाची सबब मात्र पटणारी नाही. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने रुग्णाची सक्रियता, म्हणजे स्वतःची तब्येत सांभाळायची त्याची तयारी, मोजणारी १३ विधानांची एक प्रश्नावली परवाने घेऊन वापरली. नर्सने मला दिलेले ते सहा प्रश्न लोरिग यांचेच, आणि ते फुकट वापरता येतात. आपल्याकडे आशाताई तिशीपुढच्या माणसांचा तक्ता घरी येऊन भरतातच: तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला रक्तदाब-मधुमेह. धोका किती, ते त्यातून कळतं. ज्यांचा आजार निघालेला आहे, त्यांच्यासाठी त्याच भेटीत दोन प्रश्न वाढवता येतील. या महिन्यात औषध-पथ्यातली कोणती गोष्ट जमेलसं वाटत नाही, आणि ती जमायला कुणाची मदत लागेल? अर्थात आशाताईंना त्या कामाचा वेगळा मोबदला मिळाला पाहिजे, आणि उत्तर लिहून घेतल्यावर ती मदत देणारं कुणीतरी उपकेंद्रात बसलेलं असलं पाहिजे.